कागदाची खरखरीत बाजू
रॉकेलचा वास आला की राजा पार्कमधला तो भरतकामाचा कारखाना आठवतो. माझ्या लेकीने गिऱ्हाइकासाठी करायला घेतलेल्या पहिल्याच लेहेंग्याची नक्षी तिने कंप्युटरवर काढून यंत्राने कागदावर बारीक भोकांनी टोचून घेतली होती. म्हाताऱ्या उस्तादजींनी रॉकेलमध्ये कालवलेली खडूची पूड कागदावरून फिरवली, पण कागद उलटा ठेवला गेला होता आणि भोकांतून रेशमावर मोर उलट्या तोंडाने उमटला. सगळे कारागीर बघत होते. "बिटिया, सुई का कागज़ एक तरफ़ खुरदुरा होता है, उँगली पहचान लेती है. ये तो दोनों तरफ़ चिकना है," ते ओशाळून म्हणाले. "गलती मेरी है, उस्तादजी," म्हणत लेकीने तिथेच, बोटाला सुलट बाजू कळावी म्हणून, कागदाच्या कोपऱ्यात सुईने भोकांची एक ओळ टोचली. आजही यंत्रातून निघालेल्या प्रत्येक कागदावर ती ओळ ती स्वतः टोचते. लोक तिच्या यंत्राचं कौतुक करतात. मी त्या ओळीवरून बोट फिरवते.