पप्पा सहा महिने काय ऐकत होते

हसू आलं तर खुशाल हसा, मला राग नाही यायचा. गाढवपणा माझाच आहे. फक्त तो मी पप्पांच्या पुण्यानुमोदनाला, अख्ख्या विहारासमोर, माइक हातात घेऊन केला, एवढंच!

झालं असं, की शुगरमुळे पप्पांची नजर गेली. अंबरनाथच्या कारखान्यात जन्म काढलेला माणूस. पेपर शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचणारा. तो आता पलंगावर नुसता बसून. मला बघवेना. म्हटलं, मी वाचून दाखवतो. रोज ऑफिसातून आलो की एक तास.

आता मी कसला वाचक, ते ऐका. पुस्तक जितकं जाड आणि जितकं दुःखी, तितकं भारी! पहिल्या पानावर कुणी हसलं, की मी पुस्तक मिटून ठेवायचो.

तर पप्पांसाठी काढली एक सहाशे पानांची कादंबरी. माणसाच्या एकटेपणावर.

"पप्पा, कशी वाटतेय?"

"चांगलीय. वाच तू."

झालं! मला तेवढंच हवं होतं. दुसरी आणली, तिच्याहून जाड. तिसरीत तर नायक चाळीस पानं नुसता खिडकीत उभा. आणि नेमकं तिथेच पप्पांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी एवढा गहिवरलो, की लगेच स्टेटस टाकलं: 'वाचायला नजर लागत नाही, मन लागतं.'

आई म्हणाली, "अरे, आत्ताच ड्रॉप टाकलेत त्यांच्या डोळ्यांत."

मी म्हटलं, "आई, तुला नाही कळायचं ते."

सहा महिने हे असं चाललं. मग पप्पा गेले.

पुण्यानुमोदनाला मी बोलायला उभा राहिलो. म्हटलं, "शेवटच्या दिवसांत पप्पांना गंभीर साहित्याने साथ दिली. आम्हा बापलेकांना पुस्तकांनी जवळ आणलं." बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मलाही भरून आलं. आणि गोपूकाका उठले.

गोपूकाका म्हणजे पप्पांचे कारखान्यातले दोस्त. सिंधी, कॅम्प चार या निर्वासितांच्या वसाहतीतले. तीस वर्षं दोघं एकाच मशीनवर. त्यांनी माइक घेतला.

"बेटा बोलला ते सच आहे. यार माझा किताब ऐकत होता. पण सकाळी! हा ऑफिसला गेला की मी यायचो, मी वाचायचो. खूनवाली किताब! माझी मराठी अशी, 'तळघरात प्रेत सापडलं' तिथे मी 'प्रीत सापडली' वाचलं. चार पानं आम्हाला वाटलं, लव्ह स्टोरी आहे!"

मागून कुणीतरी फस्सकन हसलं. मग सगळेच. मी? मी तोंड उघडं टाकून उभा!

"मी बोललो, शाम को तुझा बेटा वाचतो, वो भी बढ़िया असेल ना? तर मला बोलला, 'गोप्या, त्यातलं मला काय बी कळत नाय. पण पोरगं दिवसभराचं दमून येतं, तरी तासभर माझ्याजवळ बसतं. आवडत नाय बोललो, तर उठून जाईल ना रे.'"

हसणारी माणसं तिथल्या तिथे थांबली.  

घरी आल्यावर आईला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो. मला बोलू नको म्हणाले."

"अगं, पण निदान मला सांगायचं. मी दुसरं वाचलं असतं!"

आई शांतपणे म्हणाली, "तू विचारलंस कधी, काय वाचू म्हणून?"

आठवड्याने गोपूकाका प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आले. पिशवीत सगळी खूनवाली पुस्तकं. एका पुस्तकाचं पान दुमडलेलं.

"आमचं इथपर्यंत झालं होतं. पुढे अकेले से नहीं होता. तू वाच ना."

मग दर रविवारी मी कॅम्प चारला, त्यांनी रिटायर झाल्यावर टाकलेल्या पडदे शिवायच्या दुकानात. मुखपृष्ठावर सुरा आणि रक्ताचं थारोळं, म्हणून आधी त्यावर वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. ओळखीचं कुणी बघितलं तर! आणि तिसऱ्या रविवारी कव्हर फाडलं, कारण ते सारखं बोटांत अडकत होतं आणि मला पान उलटायची घाई होती! आता माझ्या त्या जाड कादंबऱ्या उघडतो, पाच पानं होतात आणि वाटतं, अजून कुणी मेलं कसं नाही?

त्या अर्धवट पुस्तकाचं शेवटचं प्रकरण राहिलं, तेव्हा मी छातीठोकपणे म्हटलं, "खुनी चुलतभाऊ."

काका म्हणाले, "तुझा बाप बोलला होता, कंपाउंडर."

निघाला कंपाउंडरच!

"काका, पप्पांनी कसं ओळखलं?"

काका मशीनच्या सुईत दोरा ओवत होते. मान वर न करता म्हणाले, "नीट ऐकायचा ना तो."

त्यानंतर पिशवीतली सगळी पुस्तकं संपवली. एकाही पुस्तकातला खुनी मला ओळखता आलेला नाही. आणि येणार तरी कसा? समोर बसलेला बाप सहा महिने कंटाळलाय, हे ज्याला ओळखता आलं नाही, त्याला खुनी काय डोंबल ओळखता येणार!