अजून स्वल्प वाकडी आहे

उभी सायकल दिसली की अण्णा तिचं पेडल उलटं फिरवून चेनकडे टक लावून बघायचे. मालकाला विचारणं नाही, काही नाही. हे निपाणीचे गृहस्थ, कारखान्यातून निवृत्त झालेले टर्नर, जे. पी. नगरात आमच्या शेजारच्या खोलीत राहायचे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी सायकलवरून चपात्या पोचवायचो. लाटायची बायको, गिऱ्हाईक पटवायचो मी. घासाघिशीत मला कुणी हरवलेलं नाही. एका कचेरीच्या कँटीनचं रोजचं काम हाताशी आलं होतं. मॅनेजरने आठवडाभर वेळ पाळून दाखवायला सांगितलं, आणि नेमकी सायकलची चेन चढावर पडायला लागली.

"घट्ट आहे की सैल?" अण्णांनी विचारलं.

"दोन्ही. सैल दिसली म्हणून ओढून घेतली, तर आता मध्येच करकरते, पेडल जड होतं."

"ओढू नका हो. पेडलच्या दर फेरीला तीच जागा घट्ट येते, बघा. पुढचं दातेरी चक्र मधोमध बसलेलं नाही. चेनचा काय दोष?"

"सकाळपुरती चालेल एवढं करा, अण्णा."

"तेवढंच करायला मला येत नाही."

सकाळी चपात्यांचा डबा घेऊन बाहेर आलो, तर चक्राचे बोल्ट सैलच. अण्णा पेडल फिरवत होते, घट्ट जागा आली की हातोडीच्या लाकडी मुठीने चेनवर हलकेच ठोकत होते. "स्वल्प थांबा, थोडंसंच," म्हणाले. थांबलो, हाच गाढवपणा. शेवटी रिक्षा केली, तरी उशीर झालाच. अण्णाही चढले. "तुमचा दोष नाही हे सांगतो त्यांना."

कँटीनमध्ये त्यांनी मॅनेजरला कन्नडमध्ये अख्खं चक्र समजावलं. तो चिडलेला माणूस चक्क नरमला. "सरी, ठीक आहे. उद्यापासून सायकल नीट चालेल ना?"

मी 'हो' म्हणणार, तेवढ्यात अण्णा बोलले, "अजून स्वल्प वाकडी आहे. उद्याचं सांगता येत नाही."

काम दुसऱ्याला गेलं.

"गप्प बसायला काय झालं होतं तुम्हाला?" रस्त्यात मी ओरडलो.

"त्यांनी विचारलं की," अण्णा म्हणाले.

मी बोलणं टाकलं. अण्णांनी सायकल काही टाकली नाही. रोज फिरव, ठोक, आवळ. शेवटी चेन सगळ्या फेरीत सारखी फिरायला लागली. मी आभार मानले नाहीत.

दुसरा चपातीवाला रोज 'उद्या नक्की वेळेवर' म्हणायचा आणि रोज उशिरा यायचा. कंटाळून तो मॅनेजर एक दिवस आमच्या गल्लीत आला. मी दारातच होतो. मला ओलांडून तो अण्णांकडे गेला.

"झाली का सरळ?"

"झाली."

मग वळून मला म्हणाला, "उद्यापासून या."

सायकल माझी, चपात्या माझ्या, आणि माझ्या तोंडचा एक शब्द त्याला नको होता. अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली, तरी ती सल जात नाही. त्यांच्या अंत्यविधीला गेलो, तेव्हाही मनात तीच होती.

आता माझी खानावळ आहे. कुणी विचारतं, "उद्या वेळेवर नक्की ना?" खात्री नसली की मी 'सांगता येत नाही' म्हणतो, आणि गिऱ्हाईक उठून जातं. मग दिवसभर मी अण्णांच्या नावाने बोटं मोडत बसतो.