साडेसत्त्याण्णव किलो आणि एक फ्रीज

माझं लग्न फ्रीजमुळं मोडलं. फ्रीज आमच्याच घरातला, चांगला चालणारा. बंद पडलेला असता तर आज आमच्या घरात सून असती.

माझं वजन एकशे अठरा किलो. दिवसा शिरूरच्या मार्केट यार्डात माझी पिकअप कांदे वाहते आणि संध्याकाळी मी बशीरचाचांच्या तालमीत लोखंड वाहतो. बाकी सगळे प्रकार मला जमतात. अडतं ते एकाच ठिकाणी: बार खांद्यावरून डोक्याच्या वर नेऊन कोपरं सरळ करायची. दीड वर्ष झालं, माझा बार साडेसत्त्याण्णवच्या वर जायला तयार नाही. मला शंभर हवे होते. त्यासाठी मी भाजीवाल्याची अर्ध्या किलोची मापं दोन्ही बाजूंना सुतळीनं बांधून बघितली. (मापं खोटी निघाली. भाजीवाल्याला बोललो, तर तो म्हणाला, "तू खायला घेतो का उचलायला?")

चाचांच्या तालमीत अट एकच. अंग फुगवायची सुई टोचून घेतली की दार बंद. "भाकर, अंडी, दूध आन् झोप," चाचा म्हणायचे. "पाय रोव, पोट आवळ, बार वर गेला की डोकं त्याच्याखाली घाल. बाकी समदं थोतांड." मी तेच केलं. गावाचा मात्र विश्वास बसायचा नाही. एवढा मोठा माणूस नुसत्या भाकरीवर झाला, हे लोकांना पटत नाही. त्यांचं त्यांना भाकरीवर काही झालेलं नसतं ना.

खुटबावचं स्थळ मामानं आणलं. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. जनावरांच्या दवाखान्यात कंत्राटावर कामाला. मुलीचं नाव स्वाती. बघायला गेलो तेव्हा तिनं मला एकच प्रश्न विचारला. "एवढं वजन उचलून मिळतं काय?"

"अजून तरी काही न्हाई," मी म्हणालो.

ती हसली. खोटं कशाला बोलू, मी तिथंच कामातून गेलो.

पुढच्या रविवारी तिचे आईवडील आमचं घर बघायला आले. तिच्या वडिलांना सगळे आप्पा म्हणतात. वीस जनावरांचा गोठा, त्यामुळं येताना खरवसासाठी चीक आणला होता. माझी आई पोह्यांत गुंतलेली. स्वातीची आई आपलेपणानं म्हणाली, "असू द्या हो, मीच ठेवते फ्रीजात." चिकाच्या बरणीला जागा करायला तिनं खालचा थर्माकोलचा डबा बाहेर काढला, झाकण उघडून बघितलं आणि तो आप्पांच्या पुढ्यात, पोह्यांच्या शेजारी आणून ठेवला.

आत चाळीस बाटल्या आणि सुयांचं पाकीट.

आप्पांनी एक बाटली उचलली, चष्मा वर केला आणि मोठ्यानं वाचलं, "फक्त जनावरांसाठी." मग माझ्या दंडाकडं बघितलं. मग परत बाटलीकडं.

"आप्पा, ही लाळ-खुरकताची लस हाय," मी म्हणालो. "मामाची. त्यांच्या दवाखान्यातला फ्रीज बिघडलाय, म्हणून आमच्याकडं ठेवलीय."

"लस दवाखान्यात असती. आमच्या गोठ्यात बी टोचायला येत्यात की. बर्फाच्या डब्यातनं आणत्यात, कुणाच्या भाजीच्या कप्प्यातनं न्हाई."

"मग मामालाच फोन लावतो."

या वाक्याचा मला अजून पश्चात्ताप होतो. फोन लावला, आवाज मोठा केला, टेबलावर ठेवला. "मामा, पाव्हणे बसल्यात. फ्रीजातल्या बाटल्या तुमच्याच हायत, एवढं सांगा फक्त."

दवाखान्याची लस घरी ठेवायची नसते. मामाला वाटलं, वरून तपासणी आली आणि भाच्याला पुढं करून विचारतायत.

"कसल्या बाटल्या?" मामा म्हणाला. "माझ्याकडची लस दवाखान्यात हाय, मोजून हाय. मी कशाला कुणाच्या घरात ठीवू?"

"अवो मामा, मी अमोल बोलतोय."

"अमोल काय घेतो न् काय न्हाई, ते त्यालाच इचारा साहेब," असं म्हणून मामानं फोन ठेवला. सख्खा मामा. माझ्या बारशाला पाळणा यानंच आणला होता.

आप्पा उठले. "पोरा, नुसतं इंजेक्शन असतं तर एक वेळ समजून घेतलं असतं. पर म्हशीचं?" पोहे तसेच राहिले. चीकही ते परत घेऊन गेले.

मामा तिन्हीसांजेला डबा न्यायला आला. "माझी नोकरी गेली असती रं. तुला काय, दुसरी मिळंल," म्हणाला. आई त्याच्याशी आठ दिवस बोलली नाही. मी बोललो, काय बोललो ते इथं लिहिता येत नाही. खुटबावला मी तीनदा फोन केला. आप्पांनी एकदाही उचलला नाही.

चार महिन्यांनी मामानंच स्वातीला दुसरं स्थळ जमवून दिलं. (त्याच्या मनाला लागलं होतं म्हणे.) दौंडचा विकी, स्वतःची जिम. विकीचं अंग एका उन्हाळ्यात दुप्पट झालं होतं आणि पाठभर पुटकुळ्या उठल्या होत्या. चाचांनी त्याचा फोटो बघितला आणि एवढंच म्हणाले, "भोपळा बी इतक्या लवकर भरत न्हाई." आप्पांना मात्र विकी पसंत पडला. मेहनतीचं शरीर, म्हणाले.

आंदणाचा फ्रीज पोचवायला मामानं पिकअप ठरवली कुणाची? माझी. मी नाही म्हणणार होतो. आई म्हणाली, "जा. न्हाई गेलास तर म्हणतील, खरंच घेत होता म्हणून तोंड लपवतोय." म्हणून लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, पूजेच्या सकाळी, मी दोन दारांचा फ्रीज घेऊन दौंडला पोचलो.

विकीचं घर पहिल्या मजल्यावर आणि जिना एवढा अरुंद की फ्रीज वळेना. गॅलरीला कठडा अजून बसायचा होता, म्हणून तिथूनच चढवायचं ठरलं. विकी खाली आला, दंड चोळत म्हणाला, "भाऊ, मी लावला असता हात, पण शोल्डर धरलाय."

मी पिकअपच्या हौद्यात उभा राहिलो. चौघांनी फ्रीज आडवा करून माझ्या छातीशी दिला. खोक्यावर वजन छापलं होतं: एकशे एक किलो. वर गॅलरीत स्वाती उभी होती, हिरवा चुडा घालून. या फ्रीजात विकी काय ठेवणार ते मला पक्कं माहीत होतं. बोललो असतो तर कोण ऐकणार होतं?

पाय रोवले. पोट आवळलं. आणि दीड वर्ष अडलेली ती जागा पहिल्यांदाच सुटली. फ्रीज डोक्यावर गेला, कोपरं सरळ झाली, वरच्यांनी अलगद ओढून घेतला. मला रडूच आलं. लोकांना वाटलं घाम आहे.

खाली आप्पा व्याह्यांना सांगत होते, "बघितलंत? ह्ये म्हशीच्या इंजेक्शनाबिगर व्हतंय व्हय?" स्वातीनं माझ्याकडं बघितलं. उचलून मिळतं काय, हा तिचा प्रश्न आठवला आणि मी पिकअपचं मागचं दार लावायला वळलो.

तालमीत बार अजून साडेसत्त्याण्णववरच आहे. फ्रीजची हकीकत सांगितल्यावर चाचा म्हणाले, "दुसरी एखादी पोरगी बघ. तिचं बी लगीन दुसरीकडं जमलं, की वाढंल थोडं."

आईनं परवाच निमोण्याचं स्थळ आणलंय. ते लोक वॉशिंग मशीन देणार आहेत म्हणे. साठेक किलो भरेल. वॉर्म-अपला ठीक आहे.