दोन फुटांच्या वर न उडणारी माशी

तापीच्या खोऱ्यात जी माशी कधी आलीच नाही, तिच्याशी वर्षभर लढून एकदाही गाफील न सापडलेला माणूस साऱ्या खानदेशात एकच आहे, आणि तो माझा व्याही आहे. म्हसावदला त्यांची केळी, पपई, कापूस अशी रीतसर शेती आहे. पण त्यांना ओळखायचं ते घरामागच्या चार हात वाफ्यावरून. उंच, शिडशिडीत बांधा, डोक्यावर कडक पांढरी टोपी, आणि चेहरा असा की पंगतीत जिलबी वाढायला उभे राहिले तरी लोकांना वाटावं, काहीतरी वाईट बातमी आहे. हसण्याच्या बेतात असलेलं मी त्यांना एकदाच पाहिलं, पण ती शिंक निघाली.

त्यांच्या घराण्यात सासऱ्याने सुनेशी थेट बोलायची चाल नाही. माझी मुलगी लग्न होऊन त्या घरी गेली तेव्हा ते ओसरीवर येण्याआधी खाकरत आणि ती डोक्यावर पदर ओढून आत सरके. दोघांचं एवढंच बोलणं. पहिल्याच हिवाळ्यात परसातलं गाजर उपटून, धुऊन, कच्चंच खाताना ती त्यांना लांबून दिसली. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर चार धुतलेली गाजरं दिसायला लागली. ठेवायची, खाकरायचं, निघून जायचं. "पप्पा," मुलगी मला म्हणाली, "कालची संपली की नाही, तेही बघून जातात."

पुढे जावयांना नोकरी लागली ती थेट स्कॉटलंडात. तिथे घरामागे दोन खाटा मावतील एवढी जमीन मिळाली. मुलीने पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर गाजरं पेरली. वर पाला झकास, खाली मात्र प्रत्येक गाजरात गंजासारखे तांबूस बोगदे. तिथे गाजराची म्हणून एक वेगळी माशी असते. ती मुळाशी अंडी घालते आणि अळ्या गाजर पोखरतात. मुलगी फोनवर आमच्याजवळ रडली. म्हणाली, "या मातीत माझं काही उगवणार नाही. आता पुन्हा कुदळ हातात धरायची नाही." मी हे व्याह्यांना सहज सांगितलं, तर त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "मन्ही सून परमुलखमा गाजरसाठे रडनी?" आणि त्या दिवसापासून त्यांनी माशीशी वैर धरलं.

माशीची माहिती त्यांनी कुठून कुठून मिळवली. ती जमिनीलगत उडते, दोन फुटांच्या वर सहसा जात नाही. चुरगळलेल्या गाजरपाल्याचा वास तिला लांबून कळतो. म्हणून वाफ्याभोवती आडोसा हवा, पेरणी विरळ हवी. हिवाळा लागताच त्यांनी परसात गाजराचा वाफा केला आणि विहीणबाईंचं जुनं लुगडं काठ्यांना ताणून अडीच फुटी कोट उभारला. अडचण एकच, माशी नव्हती. माशीचं काम मग ते स्वतः करायचे. सत्तरीचा माणूस गुडघ्यांवर हात ठेवून, वाकून, दोन फुटांच्या उंचीवरून लुगड्याभोवती फिरायचा, मध्येच थांबून हुंगायचा आणि फट दिसली की तिथे विटेचा तुकडा लावायचा. म्हसावदला गेलो असताना मी हे परसाच्या भिंतीवरून पाहिलं आणि हसू गिळताना मला ठसका लागला. विहीणबाई शांतपणे म्हणाल्या, "याहीबुवा, आठे एकच माशी शे, आनि ती टोपी घालस."

गावात आलेला कृषी सहायक त्यांना नम्रपणे म्हणाला, "आबा, ही थंड मुलखातली माशी. आपल्याकडे नसते ती." व्याह्यांनी त्याला लुगड्याकडे बोट दाखवलं. "बंदोबस्त शे, म्हनीसन माशी नही." वासावर उतारा म्हणून त्यांनी नंदुरबारची लाल मिरचीही वाफ्याभोवती पसरून पाहिली. गाजरांना काही झालं नाही, व्याही आठ दिवस शिंकत होते. त्या उपायावर त्यांनी स्वतःच काट मारली.

हे सगळं ज्ञान सुनेपर्यंत पोचवायचं कसं? माझ्यामार्फत. नंदुरबारात माझं चष्म्याचं दुकान आहे. समोर गिऱ्हाईक तक्त्यावरची अक्षरं वाचत असायचं आणि फोन वाजायचा. "याही, तुम्हनी पोरले सांगा, आडोसा अडीच फूट पाहिजे." "याही, पेरनी आते नको, थंडी सरू द्या." कधीकधी एकाच गिऱ्हाइकाच्या दोन डोळ्यांमध्ये तीन फोन. मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो, तिला थेट फोन करा ना!" ते गंभीरपणे म्हणाले, "फोनवर ती पदर कशी लेई?"

रोजच्या निरोपांनी मुलीचा निश्चय मोडला आणि मे महिन्यात तिने पुन्हा पेरणी केली. अडीच फुटी आडोसा, आत पातळ ओळी, सगळं त्यांच्या सांगण्याबरहुकूम. जुलैत व्याह्यांचा फोन आला. "रोपं दाट व्हयनी व्हतीन. विरळनी करं म्हना. पन सांजले, दिवसा नही. आनि उपटेल रोपं तठे टाकू नको म्हना, लगेच डबामा बंद कर." त्या वेळी एक आजीबाई दोन चष्म्यांपैकी कुठल्यात देखण्या दिसतात हे मला विचारत होत्या. मी मुलीला निरोप पाठवला तो तीन शब्दांचा: विरळणी कर म्हणतात.

तिने रविवारी भर दुपारी आडोसा सोडला, रोपं उपटली आणि तिथेच ओळीच्या कडेला टाकून ती घरात गेली. सप्टेंबरात तिने गाजरांचा फोटो मला पाठवला. तेच गंजके बोगदे. खाली लिहिलं होतं, 'पप्पा, बाबांना सांगू नका. यापुढे मी काही पेरणार नाही.'

मी दोन दिवस गिऱ्हाइकांना भलतेच नंबर काढून देत होतो. तिसऱ्या दिवशी तापीवरच्या प्रकाशा गावाच्या पुलावरून जाणारी बस धरली आणि म्हसावद गाठलं. ओसरीवर बसून सगळं कबूल केलं, आजीबाईंसकट. व्याही ऐकत राहिले. मग टोपी नीट बसवून म्हणाले, "फोन लावा. तोंड दिसस तो."

मुलगी तिकडे वाफ्यापाशीच होती. बारीक पाऊस, अंगात रेनकोट. मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी आधी, ओसरीवर येताना खाकरत तसं, खाकरलं. आणि सात समुद्रांपलीकडे माझ्या पोरीने झटकन रेनकोटची टोपी डोक्यावर ओढली.

"माय," ते म्हणाले. आयुष्यात तिच्याशी बोललेला त्यांचा हा पहिला शब्द. "उपटेल रोपं कोठे टाकी व्हतीस?"

"तिथेच, बाबा. वाफ्यातच."

"दुपारले?"

"हो."

मी खाली मान घातली. आजवर एक काडी विसरला नसेल असा तो माणूस म्हणाला, "तुन्ही चूक नही, माय. मीच सांगानं इसरनू."

तिने ओळीतली ओली माती पायाने सारखी केली. मग तिने विचारलं, "बाबा, पुढच्या वर्षी परत पेरू?"

"पेर. मी शे ना."

आता दर रविवारी ते खाकरतात, ती टोपी ओढते, आणि दोघं तास तास बोलतात. आडोशाला जाळी कुठली, कांदा मध्ये लावायचा की कडेला, सगळं थेट. माझ्या दुकानातली गिऱ्हाइकं तक्ता पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत विनाव्यत्यय वाचतात आणि मला ते फार लांबलचक वाटतं. एकदा मीच फोन करून विचारलं, "याही, काही निरोप?" म्हणाले, "नही, मी बोली लिधं."

गेल्या आठवड्यात सकाळी दुकान उघडून काचा पुसत होतो, तर बाहेर कुणीतरी खाकरलं. दाराच्या पायरीवर चार धुतलेली गाजरं होती आणि पाठमोरी पांढरी टोपी स्टँडकडे निघाली होती. मी हाक मारली, "अहो, निरोप तरी सांगा!"

ते वळले. "शे निरोप. तिले नही, तुम्हले." आणि त्याच गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "गाजरं भरदुपारले खाज्यात. आठे माशी नही."

वर्षभरात त्यांनी हे पहिल्यांदाच कबूल केलं होतं, तेही मला एकट्याला. गाजरं मी दुपारपर्यंत ठेवली, मग तीन खाल्ली. चौथं अजून गल्ल्याशेजारी आहे. सुकत चाललंय, पण संपवावंसं वाटत नाही.