बहुमताने घोणस

माझा आवाज मोठा आहे, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा प्रकार त्या आवाजामुळे झाला. सोसायटीच्या गणपतीतल्या नाटकात मी दरवर्षी देवी होते आणि मला माइक देत नाहीत. तर त्या आवाजात, दिवाळी नुकतीच संपलेली असताना एका सकाळी, बोळिंजमधल्या आमच्या इमारतीमागच्या बावखलाकाठी उभी राहून मी ओरडले, "घोणस!"

बावखल म्हणजे जुन्या लोकांनी खणून ठेवलेलं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं आणि आजूबाजूच्या विहिरींना गोड ठेवतं. त्या पाण्यातून एक साप डोकं वर काढून, वरातीतल्या नवऱ्याच्या ऐटीत चालला होता. मला सापांमधलं काय कळतं? शून्य. मी देशावरची. लहानपणी कुठलाही साप दिसला की घोणस म्हणायचं आणि पळायचं, एवढंच आमचं शिक्षण. शिवाय 'घोणस' म्हणताना तोंड कसं भरून येतं! नुसतं 'साप' म्हटलं असतं तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं. माझ्या घोणशीने चार मजल्यांच्या खिडक्या उघडल्या.

"एवढ्या लांबून साप ओळखलास?" आमचे हे म्हणाले. "मला तर बाजारात हाक मारल्याशिवाय ओळखत नाहीस."

"तुम्ही इतके देखणे चालत नाही," असं म्हणून मी फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला.

दुपारपर्यंत ग्रुपवर दीडशे मेसेज. मग आमच्या सेक्रेटरींनी पोल टाकला. हे गृहस्थ निवृत्त अधिकारी आहेत आणि जिन्यातल्या दिव्याचा रंगसुद्धा मतदानाने ठरवतात. प्रश्न होता, 'सदर साप कोणता?' आणि पर्याय चार: घोणस, नाग, मण्यार, माहीत नाही. बिनविषारी सापाला उमेदवारीच नव्हती. 'माहीत नाही'ला एकही मत पडलं नाही. इतके तज्ज्ञ आपल्यात राहतात हे मला तोवर ठाऊकच नव्हतं! घोणस प्रचंड बहुमताने निवडून आली आणि संध्याकाळी अर्ज तयार झाला: 'विषारी सर्पांचे आगार झालेले बावखल त्वरित बुजवावे.' सोमवारी तो पालिकेत जाणार होता. पहिली सही माझी, खाली कंसात 'प्रत्यक्षदर्शी'. काय सांगू, फार भारी वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी अळूची पानं आणायला काकींकडे गेले. बावखलाला लागून त्यांची वाडी आहे. केळी, नारळ, अळू, कुंपणाशी सोनचाफा. इमारती यायच्या आधीपासून त्यांचं घर तिथे आहे. एरवी मी दिसले की काकी चहा टाकतात. त्या दिवशी नुसत्या खाटेवर बसून होत्या.

"कागद देतायत म्हने," त्या म्हणाल्या. "बावखल बुजवा म्हनून."

"हो, म्हणजे... तसं ऐकलं मी पण."

"बुजवलं तर माझ्या विहिरीचं पानी मचूळ होनार. खाडी काय लांब हाय? मचूळ पान्यावर चाफा जगत नाय, केल जगत नाय. मग मी काय करू, तुमच्या बिल्डिंगीत येऊन बसू?" मग त्यांनी विचारलं, "कोनी बगितली गो ती घोनस?"

मी पाटीतल्या अळूकडे पाहिलं. अळू काही मदत करेना.

"मी, काकी."

"तू? काय करत होती ती?"

"पोहत होती."

"पान्यात?"

"पोहणार आणखी कशात?"

"गो बाय, घोनस कशाला मुद्दाम पवायला येईल? ती जाडी, आलशी. सुक्या पाल्यात पडून रहाते. जवल गेलं तर कुकरसारखी फुसफुसते. दाव बगू तुझा फोटो."

मी फोटो मोठा केला. काकींनी चष्मा लावला, फोन लांब धरला, जवळ धरला. "अंगावर बग, सोंगट्यांच्या पटासारखे चौकोन. घोनशीला गोल ठिपके असतात, साखलीसारखे. आनि डोल्याखाली बग. काजल पसरलंय."

खरंच! डोळ्याखालून दोन काळ्या तिरक्या रेघा, रडून आलेल्या नटीच्या काजळासारख्या. मी वर्षानुवर्षं तोंडाला रंग फासत आले, आणि समोरच्या पात्राचा मेकअप मला दिसला नव्हता.

"दिवड हाय ती," काकी म्हणाल्या. "विष नाय तिला. पन चावते हां, रागीट हाय, हात लावायचा नाय. आनि वलखता येत नसेल तर लांबूनच नमस्कार करायचा. बोंबलायचं नाय."

मी तशीच, अळू हातात घेऊन, सेक्रेटरींच्या दारात उभी राहिले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, ठराव झालेला आहे. बहुमताने ती घोणस आहे."

"अहो, पण ती दिवड आहे!"

"मग मतदान का केलंत घोणशीला?"

मी म्हटलं, "रविवारी सकाळी बावखलावर या. सगळ्यांना आणा. डोळ्यांनी बघा, मग सोमवारी हवं ते करा."

रविवारी अर्धी सोसायटी काठावर हजर झाली. कुणी गमबूट घातले होते, कुणी क्रिकेटचे पॅड बांधले होते, आणि तळमजल्यावरच्या एक बाई पोह्यांचा डबा घेऊन आल्या होत्या. सेक्रेटरींच्या खिशातून अर्जाची घडी डोकावत होती. काकी रोज सकाळी धुण्याच्या पायरीवरून उरलेला भात पाण्यात टाकतात. भाताला मासे येतात आणि माशांना दिवड येते, असा तिथला शिरस्ता. त्या दिवशीही त्यांनी भात टाकला आणि सगळ्यांना मागे सरकवलं.

मासे आले. दिवड येईना. पाच मिनिटं गेली, दहा गेली. काकींचा हात पदराशी चाळा करत होता. कुणीतरी म्हणालं, "घोणस झोपली असेल." हशा झाला. काकी हसल्या नाहीत.

तेव्हा मी पुढे होऊन तोंडाशी हात धरून कुजबुजले, मासे पळू नयेत म्हणून. "ऐका. घोणस मी म्हटलं होतं. घोणस कशी दिसते ते मला माहीत नाही. मला फक्त ओरडता येतं."

"हे आम्हाला माहीत होतं," आमचे हे तितक्याच हळू म्हणाले.

एवढ्यात पाणी हललं. काजळवाल्या बाईंनी डोकं वर काढलं, झप्पकन बुडी मारली आणि वर आल्या त्या तोंडात आडवी फडफडणारी चिलापी घेऊन. पलीकडच्या पायरीवर उन्हात येऊन त्यांनी मासा डोक्याकडून गिळायला घेतला. मासा तोंडाच्या दुप्पट. जबडा इकडून सरके, तिकडून सरके. पोह्यांचा डबा उघडा तो उघडाच राहिला. पॅड बांधलेले गृहस्थ म्हणत होते, "जाईल, जाईल, अजून थोडं..."

"चौकोन दिसतायत," सेक्रेटरी पुटपुटले. "रेघाही आहेत." मग हळूच माझ्याकडे वळून, "किती वेळ लागतो हो हिला?"

"लागेल अर्धा तास," काकी म्हणाल्या.

सेक्रेटरींचे गुडघे दुखतात. अर्धा तास उभं राहणं शक्य नव्हतं आणि निघून जाणं त्याहून अशक्य. पायरी ओलीचिंब होती, विजार पांढरी. नजर सापावरून न हलवता त्यांनी खिशातला कागद काढला, उलगडला, पायरीवर नीट पसरला आणि त्यावर बसले.

आमच्या यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी चिमटा काढला.

"बसा साहेब," काकी म्हणाल्या, "निवांत बसा. मी चहा आनते सगल्यांना."