गप्पी माशांची चतुर्दशी

बोरगावच्या ताराक्कांच्या घरात दिवस मावळल्यावर कुणी खात नाही. मुलगा नोकरीला बेंगळुरूला गेला आणि जाताना गप्पी माशांची काचपेटी आईच्या गळ्यात घालून गेला. तेव्हापासून हा जैन घरातला नेम माशांनाही लागू झाला. सकाळी चिमूटभर खाणं, बस्स. पाणी बदलायचं तर तेही फडक्यातून गाळून रात्रभर घागरीत ठेवलेलं. चतुर्दशीला आक्कांचा उपास, म्हणून माशांचाही.

मी शेजारीण. मी लई हसले. माझ्या पेटीतल्या माशांना मी येता-जाता खायला टाकायची. पाणी गढूळ झालं आणि मासे पोट फुगून मेले. आक्कांचे मात्र शेपट्या फुलवून हिंडत होते, तेव्हा माझं हसू आपोआप आटलं.

परवा चतुर्दशीला सकाळीच आक्कांची हाक आली. गप्पी व्याली होती, आणि आपल्याच पिल्लांमागं तोंड उघडून धावत होती. एक तर आमच्यासमोरच गिळलं.

"अगं, उपासाच्या दिवशी!" आक्का काचेला नाक लावून ओरडल्या. "आन् तेबी पोटचं पोर!"

मला वाटलं, आता ही गप्पी घराबाहेर जाणार. पण आक्कांनी जुन्या गाळणीनं उरलेली पिल्लं वेचून बरणीत सोडली, हात धुतले आणि खाण्याची डबी उघडली.

"आक्का, आज चतुर्दशी हाय."

"व्हय की. पन बाळंतिणीला कुठं उपास असतोय गं?"