लेबलं भिंतीकडे

राव गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये फळ्यावर उजळणीचं वेळापत्रक लिहीत होते. पीयूसीची, म्हणजे बारावीची, फायनल तोंडावर आली होती. सोमवारी पेशी आणि पेशीविभाजन, मंगळवारी आनुवंशिकता, बुधवारी हृदय आणि रक्ताभिसरण... बुधवारच्या पुढे मी 'राव येणार' असं लिहिलं होतं आणि त्याखाली एक रेघ ओढली होती. फोनवर त्यांचा मुलगा दत्ता होता. "अप्पा गेले, मॅडम. बेळिग्गे, सकाळचा चहा घेऊन गेलो उठवायला, तर..." मग म्हणाला, "बुधवारसाठी शर्ट इस्त्री करून ठेव म्हणाले होते. काल रात्रीच केला." तो सोमवार होता. दोन दिवसांनी चुकामूक झाली असं मी त्या क्षणी स्वतःला सांगितलं. खरं तर ती बावीस वर्षांनी झाली होती.

नागोजीराव कदम आमच्या जीवशास्त्राच्या लॅबचे अटेंडर. छत्तीस वर्षं त्यांनी ती लॅब सांभाळली. म्हैसूरच्या जुन्या मराठा घराण्यातला माणूस, पूर्वज राजाच्या फौजेत घोडेस्वार. "त्यांनी घोडे पुसले, मी बरण्या पुसतो," असं हसत सांगायचे. स्वतः एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, पलीकडे गेले नाहीत. पण कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून त्यांनी इतक्या लेक्चररांचे तेच ते धडे इतक्या वेळा ऐकले होते, की कोण कुठे चुकतं, कोण काय गाळतं हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. दरवर्षी फायनलच्या आधीच्या आठवड्यात, तास संपले की राव शेल्फांवरच्या सगळ्या बरण्या फिरवून ठेवत. लेबलं भिंतीकडे आणि प्राणी आमच्याकडे. "लेबल वाचून तर माझी बायकोपण ओळखेल," म्हणायचे. मग एकेकाला पुढे बोलवायचे.

मी तेव्हा विद्यार्थिनी होते, जयलक्ष्मीपुरमहून सायकल मारत यायची. पुस्तक मला तोंडपाठ होतं आणि बरणीपुढे उभी राहिले की वाचा बसायची. एकदा गांडुळाकडे बघत मी इतका वेळ गप्प राहिले की मागची मुलं हसायला लागली. राव म्हणाले, "पोरी, पुस्तक मिटव. गांडुळाला कुठे वाचता येतं? तरी ते गांडूळच आहे, अल्वा?" त्या दिवसापासून मी त्यांना रावमामा म्हणू लागले आणि बरण्यांची भीती गेली. माझ्या पीयूसीच्या मार्कांत त्यांचा वाटा किती होता हे मी घरी कधी सांगितलं नाही. अटेंडरने शिकवलं असं सांगायची लाज वाटायची, दुसरं काही नाही.

त्यांच्या उजळणीचा कळस म्हणजे हृदय. मेंढीच्या हृदयाची ती जड बरणी ओल्या फडक्याने पुसून ते उचलत, छातीशी धरत आणि आमच्याकडे तोंड करून उभे राहत. "हे माझं हृदय समजा. आता सांगा, डावी बाजू कुठली?" आम्ही सगळे आमच्या डाव्या बाजूला बोट दाखवायचो. दरवर्षीची मुलं हेच करत आणि दरवर्षी राव तितकेच खूश होत. "ते तुमचं डावं. माझं सांगा, माझं. पुस्तकातलं हृदयसुद्धा असंच समोर उभं असतं." बरणी खाली ठेवली की त्यांच्या खाकी शर्टाच्या खिशावर एक ओला गोल राहायचा. तो वाळेपर्यंत ते तसेच हिंडत.

पुढे मी त्याच कॉलेजात लेक्चरर झाले. पहिल्या दिवशी लॅबमध्ये पाऊल टाकलं तर राव स्टुलावरून उठून उभे राहिले आणि म्हणाले, "या, मॅडम." मीही मामा सोडून नुसतं राव म्हणायला लागले. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, दोघांनी आपापलं केलं. मला ते मॅडम आवडलं होतं, हे कबूल करते.

त्या वर्षीच्या प्रिपरेटरीचे, म्हणजे फायनलआधीच्या सराव परीक्षेचे, पेपर तपासायला घेतले, तर हृदयाच्या आकृतीत एकापाठोपाठ एक मुलांनी डावं-उजवं उलटं लिहिलेलं. तेही हुशार मुलांनी. या परीक्षेच्या आधीही रावांनी त्यांची उजळणी घेतली होती हे मला माहीत होतं. पुढचामागचा विचार न करता मी त्यांना स्टाफरूममध्ये बोलावलं आणि चार लोकांसमोर म्हणाले, "राव, तुम्ही बरण्या पुसा. शिकवायचं आम्ही बघू." ते "आयतु, मॅडम", ठीक आहे, एवढंच म्हणाले आणि गेले. त्या संध्याकाळी लॅबमध्ये डोकावले तेव्हा सगळ्या बरण्यांची लेबलं पुढे वळवलेली होती. त्यानंतर त्यांनी उजळणी कधीच घेतली नाही.

आठवड्याभराने वर्गातली एक मुलगी वही घेऊन आली. "मॅडम, पेपरात चूक दिलीत, पण तुम्ही असंच काढलं होतं." वहीत माझी आकृती होती, माझ्याच फळ्यावरून उतरवलेली. मला तो तास आठवला. वर्गाकडे तोंड करून, स्वतःच्या छातीवर हात ठेवून मी डावं-उजवं दाखवलं होतं आणि त्याच घाईत फळ्याकडे वळून फळ्याच्या डाव्या हाताला 'डावं' लिहून मोकळी झाले होते. रावांनी मुलांना बरोबरच सांगितलं होतं. पण मुलांनी अटेंडरपेक्षा लेक्चररवर विश्वास ठेवला. मी दुसऱ्या दिवशी वर्गात आकृती दुरुस्त करून दिली, चूक कोणाची ते मात्र बोलले नाही. फायनलला मुलांचं नुकसान झालं नाही, एवढ्यावर मी स्वतःची समजूत घातली. पुढे राव निवृत्त झाले. निरोपसमारंभात मी त्यांच्या निष्ठेवर दहा मिनिटं बोलले आणि हे सोडून सगळं बोलले.

गेल्या डिसेंबरात त्यांना बघायला घरी गेले. हृदय थकलं होतं, पायांना सूज होती. मामींनी कॉफी आणून ठेवली. राव उशीला टेकून बसले होते, जीभ मात्र तशीच. "डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. डावा कप्पा कमजोर आहे म्हणाले. मी म्हटलं, स्वल्प थांबा सर, डावं कुठलं ते आधी सांगा." ते हसले. मला हसता आलं नाही. कॉफीचा पेला खाली ठेवून मी म्हणाले, "राव, त्या वर्षीची ती चूक माझी होती."

"गोत्तु," ते म्हणाले. मला माहीत आहे, इतक्या साधेपणाने. "फळा मीच पुसला ना त्या दिवशी. प्रिन्सिपॉल राउंडला येणार होते. संध्याकाळी बरणी घेऊन तुमच्याकडे आलोपण होतो, एकदा बघता का म्हणून. तुम्ही म्हणालात, नंतर, राव."

मला ते आठवतसुद्धा नव्हतं. स्टाफरूममध्ये का बोलला नाहीत, असं मी विचारलं.

"तुम्ही नवीन होता. चारचौघांत तुमची चूक काढली असती तर पोरं तुमचं ऐकेनाशी झाली असती."

"राग आला नाही?"

"आला की. स्वल्प नाही, चांगलाच आला. नंतर बरण्या पुसायला हात उचलायचा नाही..." मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली, पण ती हो म्हणून नव्हती. "इथे घरात, मला एकट्याला सांगून काय... सुम्ने, उगीच. तेव्हा चार लोक होते. लॅबमध्ये सांग, पोरी. मुलांसमोर." किती वर्षांनी त्यांनी मला पोरी म्हटलं होतं.

मी दुसऱ्या दिवशीही सांगू शकले असते. पण मीच म्हटलं की उजळणीच्या आठवड्यात सांगते, हृदयाच्या दिवशी, तुम्ही स्वतः या, दत्ता गाडीतून आणेल. सबब छान दिसत होती. खरं कारण हे, की मला धीर गोळा करायला वेळ हवा होता. त्यांच्याकडे किती वेळ आहे याचा हिशेब जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईला करता येऊ नये... त्या सोमवारी त्यांच्या घरी गेले तेव्हा इस्त्रीचा खाकी शर्ट दाराच्या खिळ्याला लटकत होता.

फायनल कोणासाठी थांबत नाही. बुधवारी मी ठरल्याप्रमाणे लॅबमध्ये गेले आणि सगळ्या बरण्यांची लेबलं भिंतीकडे वळवून ठेवली. बावीस वर्षांपूर्वी त्या दिवशी स्टाफरूममध्ये असलेल्यांपैकी आता दोघंच कॉलेजात आहेत, त्यांनाही बोलावून घेतलं. फळ्यावर 'राव येणार' तसंच होतं, पुसायला माझा हात गेला नाही. मुलांना मी सगळं सांगितलं. फळ्यावरची माझी चूक, त्या मुलीची वही, 'तुम्ही बरण्या पुसा' हे शब्द, आणि ज्यांना ते ऐकवले त्या माणसाचं नाव.

मग मी मेंढीच्या हृदयाची बरणी ओल्या फडक्याने पुसली आणि उचलली. इतक्या वर्षांत ती मी कधी उचललीच नव्हती, मला ती नेहमी कोणीतरी टेबलावर आणून ठेवत असे. वाटली होती त्याहून बरीच जड निघाली. ती छातीशी धरून मी मुलांकडे तोंड करून उभी राहिले. "हे रावांचं हृदय समजा," मी म्हणाले. "ते तुमच्यासमोर उभे आहेत. डावी बाजू कुठली?"

काही बोटं आधी चुकीच्या बाजूला गेली, थबकली आणि मग हळूहळू वळली. सगळ्या वर्गाची बोटं एका जागी येऊन थांबेपर्यंत मी बरणी खाली ठेवली नाही.

आता फायनल संपली आहे आणि लॅब सुट्टीसाठी बंद आहे. त्याआधी नव्या अटेंडरने मला येऊन सांगितलं, "मॅडम, सगळी लेबलं उलटी झालीत, फिरवून ठेवू?" मी म्हटलं, राहू दे.